नाव हसकेलच

१२ नोव्हेंबर १९६३
सूनबाई ओफ्राचं पोट आता दिसायला लागलं. निर्णय घेतला. मुलगा होणार आणि नाव हसकेल. माझ्या वडिलांचं. रेवदंड्यात त्यांच्या घाण्याच्या तेलाला मान होता. मी इस्रायलला निघालो तेव्हा म्हणाले, तुला तिथं कुत्रं विचारणार नाही. आता बघू देत वरून, हसकेल नावाचा इस्रायली. या घरात बल्ब कुठला आणायचा तेही मला विचारत नाहीत. निदान नाव तरी माझ्या शब्दाने पडायला हवं.
मुलाला, अव्नेरला सांगितलं. रेडिओ ऐकत होता. बघू म्हणाला. म्हणजे ठरलं.

१४ नोव्हेंबर
काडेपेटी सापडेना. सवयीने योनाला हाक मारली. बायको जाऊन दीड वर्ष झालं, पण काडेपेटी कुठं ठेवते ते सांगून गेली नाही. अव्नेर पेपराआडून बघत होता. त्याला म्हटलं, घसा साफ करत होतो.

१ डिसेंबर
ओफ्राशी थेट बोललो, तेही हिब्रूत. हसकेल नाव किती भारदस्त ते समजावलं. ती म्हणाली, यिहये बेसेदर, म्हणजे होईल सगळं नीट. इथं पेताह तिक्वात बस चुकली तरी लोक हेच म्हणतात. पण सुनेचा सूर वेगळा होता. पसंत पडलंय.

२२ डिसेंबर
काल शब्बाथला ओफ्राचे वडील शलोमो जेवायला आले. मोरोक्कोची माणसं, बोलायला गोड. जेवण झाल्यावर गळ्यात हात टाकून म्हणतात, नातवाचं नाव रूवेन ठेवू. अहो, रूवेन मी. अजून हयात आहे, बरेचसे दातही माझेच आहेत. आमच्या घरात जिवंत माणसाचं नाव पोराला देणं म्हणजे त्या माणसाचं तिकीट काढणं. ताटावरून उठलो.
अव्नेर समजवायला आला. म्हणे, पप्पा, त्यांच्यात जिवंत आजोबाचं नाव देणं हा फार मोठा मान आहे. म्हटलं, मान गेला चुलीत. बाहेर येऊन सगळ्यांदेखत नियम सांगितला. नाव द्यायचं ते आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाचं. ज्याच्यावाचून घर अडतं, अशा माणसाचं. ओफ्रानेसुद्धा मान डोलावली.
आता हसकेलला कोणी अडवत नाही.

७ जानेवारी १९६४
मुलगा झाला तर मलिदा करीन, असा एलियाहू हनबीला नवस बोललो होतो. सराव म्हणून आज स्वतः करून पाहिला. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची. त्यात काय मोठं? पोहे किती वेळ भिजवायचे एवढंच आठवेना. दोनदा घसा साफ करावा लागला. पोह्यांचा लगदा झाला. ओळखीच्याने एलातच्या बंदरावरून आणलेला नारळ नासका निघाला. ओफ्राने विचारलं, ही खळ कशाला केलीत? इथलं पाणी जड आहे, दुसरं काही नाही.

२ फेब्रुवारी
मुलगा. मी आधीच सांगितलं होतं.

७ फेब्रुवारी
परवा ब्रित, म्हणजे सुंता आणि नाव. तोवर नाव कोणी उघड करत नाही, रीतच आहे. म्हणून मी फक्त शेजारच्या जेमायमाबाईंना, खाटकाला आणि बसच्या ड्रायव्हरला सांगितलं. पोर माझ्या मांडीवर असणार. वडिलांवर भाषण लिहून कोटाच्या खिशात ठेवलंय.

९ फेब्रुवारी
पोर मांडीवर. सुंता करणाऱ्या मोहेलने नाव विचारलं. अव्नेर त्याच्या कानाशी वाकला. मोहेल खणखणीत आवाजात म्हणाला, योना बेन अव्नेर, म्हणजे अव्नेरचा मुलगा योना.
इथं ते मुलाचंही नाव असतं, हे मला ठाऊक होतं. पण डोक्यात आलं नव्हतं. जेमायमाबाई मागून विचारत राहिल्या, हसकेल ना? भाषण खिशातच राहिलं.
नंतर अव्नेरला जाब विचारला. तो म्हणाला, पप्पा, नियम तुमचाच. ज्याच्यावाचून घर अडतं, त्या माणसाचं नाव. आजोबांना हाक मारताना तुम्हाला कधी ऐकलं नाही. मी म्हटलं, मी तर घसा साफ करतो. तो म्हणाला, हो पप्पा, माहीत आहे आम्हाला.
फार वाईट वाटलं. हसकेलचं नव्हे. इतके महिने नाव शोधत होतो आणि तिचं मला सुचलं नाही.

११ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. नियम माझा, तेव्हा नावही मूळ माझंच. जेमायमाबाईंना तसं कळवलं. त्या हो म्हणाल्या.
दुपारी चष्मा सापडेना. स्वयंपाकघरातून हाक मारली, योना, माझा चष्मा कुठंय? आतल्या खोलीत पोर टाहो फोडून रडायला लागलं. ओफ्रा चिडली. मोठ्या मुश्किलीने झोपवलं होतं म्हणे. शिक्षा म्हणून पोर माझ्या हातात दिलं. खांद्यावर घेऊन घरभर फिरलो.
चष्मा अजून सापडलेला नाही.