कुंकू लावलेली सीडी

पुणे, १२ डिसेंबर २००३

प्रिय दादा,

ईमेलच करणार होते, पण त्याला तू 'ओके' एवढंच उत्तर देतोस. म्हणून हे पत्र. आधी खुर्चीत नीट बस. तुझ्या लग्नाची सीडी मी जाळली. हो, तीच, घरातली एकुलती एक. रागानं नाही रे, संशोधनासाठी!

आमच्या प्रयोगशाळेत लेझरचा जबरदस्त झोत बारीक खाचांच्या पृष्ठभागावर मारतात. तेवढी जागा क्षणात खलास, बघायला काही उरत नाही. मग परत आलेला उजेड मोजायचा. गुळगुळीत आरशावरून बराचसा परत येतो. खाचा असल्या आणि कोन जुळला, तर थोडाच येतो, बाकीचा आत मुरतो. खाचांच्या परदेशी काचा यायला सहा महिने, म्हणून मी बुधवार पेठेतून दहा कोऱ्या सीड्या आणून घरी ठेवल्या. सीडीला खाचा आयत्याच असतात.

आईनं आवरताना तुझी सीडी त्यांच्यातच ठेवली, एकटी कुठे हरवायला नको म्हणून! तिच्यावर कुंकवाचं बोट होतं. मला वाटलं, दुकानदारानं लक्ष्मीपूजनाला माल पुजला असेल. पुसलं, वरचा थर सोलला आणि लावली लेझरसमोर. तुमच्या सप्तपदीवर एकशे चाळीस फटके बसले. रुपालीवहिनीला सांगू नकोस. उजेड इतका कमी परत आला की आमच्या सरांनी, ज्यांनी आजवर कुणाला चहा पाजलेला नाही, चक्क पेढे आणले.

आई ती सीडी रोज संध्याकाळी लावायची. अंतरपाटाआडून तू हसतोस तिथे थांबवायची आणि भाजी निवडत बसायची. त्या दिवशी सीडी सापडेना, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कबूल केलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. दूध उतू गेलं तरी तासभर बोलणारी बाई ती! पण नुसतं 'बरं' म्हणाली आणि कुकर लावायला गेली. दादा, दोन वर्षं मी हेच तर मोजतेय. इतकं थोडं परत आलं म्हणजे आत किती गेलं, हे मला कळतं. मला रडूच आलं.

आज तिनं निरोप दिलाय, आनंदला लिही, दुसरी सीडी पाठव म्हणावं, सवडीनं, घाई नाही. तिचा निरोप पोचवला. आता माझा ऐक. लग्नानंतर तू एकदाही आलेला नाहीस. सीडी पाठवलीस तर तीही लेझरसमोर लावीन, सर पुन्हा पेढे आणतील. तू ये.

तुझीच आगलावी बहीण,
उत्कर्षा