आलापल्लीच्या बाजारातली माझी रांग

मी, सुगंधाबाई इस्तारी पचारे, वय अडुसष्ट, धंदा मच्छीविक्री, राहणार गोंडपिपरी, तलावाच्या पाळीखाली, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी मच्छीचा भाव करून पाहावा. कोणी दाब दिलेला नाही. देवानंद वकिलांनी मधेमधे "बाई, हे यात बसत नाई" असे म्हटले, पण मरणार मी आहे, म्हणून बसवले आहे.

कलम १. राहते घर व मागची वाडी मुलगा प्रफुल याला. नवरा गेल्यावर हे घर मी टोपलीवर उभे केले, म्हणून अंगणात कोणी जाळे वाळवायला आणले तर प्रफुलने हटकू नये. बँकेतली ठेव सून दिव्यानी हिला. ती न सांगता माझे पाय चेपते आणि चेपता चेपता तोंडाला तोंडही देते. दोन्ही मला आवडते.

कलम २. आता गाडी, बर्फाच्या पेट्या आणि रांग. यातच माझा जीव अडकला आहे. आम्ही बाया इथल्या तलावांची मच्छी गाडीत घालून आलापल्लीच्या आठवडी बाजारात नेतो आणि एका रांगेत बसतो. रांगेचा कायदा मी घातला. जिची टोपली आधी संपली तिने उठायचे नाही, शेजारणीच्या टोपलीपाशी बसून तिच्यासाठी ओरडायचे. शेवटची टोपली रिकामी झाल्याशिवाय गाडी निघत नाही. मी गेल्यावर हा कायदा कोण चालवील, एवढीच मला काळजी आहे.

प्रफुल चालवणार नाही. दोन उन्हाळ्यांमागे मी दवाखान्यात पडले तेव्हा धंदा त्याच्याकडे होता. तो नागपूरला मोबाईलच्या दुकानात टार्गेट शिकून आला होता. त्याने जाहीर केले, जी जास्त विकेल तिला कूलर. झाले! पहिल्याच बाजारी बाया एकमेकींची गिऱ्हाईके ओढू लागल्या, पदराला हात गेले, आईबाप निघाले. चंदा आमच्यात सर्वांत तेज. तिने कूलर जिंकला आणि चहा पीत बसली, बाकीच्यांची मच्छी उन्हात वास मारू लागली. प्रफुल मला सांगतो, "आई, कॉम्पिटिशन पायजे ना." मी खाटेवरून म्हटले, "बाबू, त्या बाया हायेत, शंकरपटात पळवाचे बैल नोहोत." त्याला अजून पटलेले नाही. म्हणून त्याला घर आहे, गाडी नाही.

कूलर चंदाच्या घरी आहे, तो कोणी परत मागू नये. तिला माझा पितळी तराजूही द्यावा. रांग तिला देत नाही, कारण विकणे वेगळे आणि विकणाऱ्यांना सांभाळणे वेगळे. चंदाला गिऱ्हाईक लांबून दिसते, शेजारीण जवळून दिसत नाही. चंदे, रडू नको, पोरी, तू मला प्यारीच आहेस.

कलम ३. गाडी, पेट्या आणि रांगेतली माझी जागा मंगली सुकलू नागापुरे हिला.

हे ऐकून घरात गोंधळ होईल, तो होऊ द्यावा. मंगलीला मी हाताला धरून हा धंदा शिकवला. एक दिवस ती म्हणाली, "बाई, एटापल्लीले झिंगे सुकवून नेले तं हातोहात जातीन. काऊन नाई म्हणता?" मी नाही म्हणजे नाही म्हटले. ती गेली, एटापल्ली करून दाखवली, आणि आलापल्लीत नेमकी माझ्यासमोर टोपली मांडून बसली! तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. राग आहे, आणि तो मी कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेणार आहे.

पण त्या कूलरच्या बाजारी आमची म्हातारी प्रेमिलाबाई भरल्या टोपलीपाशी एकटी रडत बसली होती. तेव्हा आपली टोपली तशीच टाकून मंगली समोरून उठून आली. प्रेमिलाबाईची मच्छी तिने ओरडून ओरडून विकून दिली. जाताना म्हणाली, "तुमच्या बाईले सांगू नोका. तिले वाटन, मी गिऱ्हाईक पळवाले आली." प्रेमिलाबाईच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मला कळले. माझ्या रांगेत मोडलेला कायदा हिने सांभाळला. ऐकून मला रडू आले, आणि ते आजवर मी कोणाला कळू दिले नाही.

वकील म्हणतात, बाया वारशाने देता येत नाहीत. मी कुठे देते? त्यांना मंगली नको असेल तर त्यांनी तिच्या तोंडावर सांगावे. गाडी तरीही तिचीच.

कलम ४. वकिलांनी सगळे वाचून दाखवले आणि म्हणाले, "बाई, हे तुमच्या मागंच उघडीन. तवर मंगलीले काही मालूम होणार नाई."

मी त्यांना पेन मिटू दिले नाही. मग म्हटले, अजून एक लिहा. येत्या बाजारी मी माझी टोपली उचलून मंगलीच्या शेजारी मांडणार आहे. ती रागाने उठून गेली तरी कलम तीन तसेच राहील. तिची टोपली मात्र मी रिकामी करूनच घरी येईन.

लिहून देणार: सुगंधाबाई इस्तारी पचारे (सही)

आमच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली. आम्हां दोघांना यातून काही मिळत नाही, मच्छीसुद्धा नाही.
साक्षीदार: १) वारलू शेंडे (सही) २) लटारू भोयर (सही)

ठिकाण: गोंडपिपरी
दिनांक: ४ मार्च २०२५