सगुणेची चार पानं

२२ जुलै, मंगळवार
देवळातलं कपाट आज उघडलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे मास्तर वारले, त्यांच्या मुलाने सगळी पुस्तकं देवळाला दिली. पाटकर (कमिटीचे सेक्रेटरी) म्हणाले, "वहिनी, भजनी मंडळाची वही तुम्ही नीट ठेवता, ही यादीही तुम्हीच करा. धार्मिक तेवढं ठेवायचं. बाकी रद्दी." मी दहावी पास. पोथ्या सोडून आजवर वाचलं काय, तर वाण्याच्या पुडीचा कागद.
मास्तरांच्या बायकोने एकूण एक पुस्तक लाल फडक्यात बांधलेलं. सरस्वती उघडी ठेवू नये म्हणायच्या. म्हणजे बाहेरून सगळ्याच पोथ्या.

२३ जुलै, बुधवार
अकराच बासनं सोडून झाली. वाचल्याशिवाय कळत नाही कुठलं कुठे घालायचं. एक कवितांचं निघालं. पानावर सहा ओळी आणि खाली सगळं कोरं! मी लाइट बिलाच्या पाठीवर सामानाची यादी लिहिते, आणि हे लोक... पण त्या सहा ओळी भांडी घासताना डोक्यातून जाईनात. संध्याकाळी परत जाऊन वाचल्या. पुस्तक पिशवीत घालून घरी आणलं. यादीत अजून लिहिलेलं नाही.

२४ जुलै, गुरुवार. दीप अमावास्या.
दिवे घासले. दुपारी एक नाटक. त्यात सांगणारं कोणीच नाही, नुसती माणसं एकमेकांशी बोलतात. पोळ्या लाटताना त्यातल्या सासूचं बोलणं मोठ्याने म्हणून पाहिलं. ह्यांनी बाहेरून विचारलं, "कोण आलंय गं?"
"कोणी नाही."
"मग ओरडतंय कोण?"
"सासू."
आत डोकावून बघून गेले.
आणखी एक पुस्तक देवावरचं आहे, पण देव आहे की नाही हेच शेवटपर्यंत विचारत बसलंय. धार्मिक की रद्दी? कोणाला विचारायचं.

२५ जुलै, शुक्रवार. श्रावण सुरू.
दु. ४ ला देवळात मंडळाचं श्रावणातलं पोथीवाचन सुरू केलं. मंडळाची पोथी बाइंडिंगला दिलेली, ती काही आली नाही. घाईत कपाटातलं जाडसं बासन घेतलं. पहिली पानं गेलेली. उघडलं तर नदी, घाट, महादेवाचं देऊळ, पायऱ्या चढणारी उपाशी बाई. वाटलं, क्षेत्राचं माहात्म्य आहे. नारळ ठेवला, अकरा जणींनी अक्षता हातात घेऊन संकल्प सोडला. वाचलं. सगळ्या हात जोडून ऐकत होत्या.

२६ जुलै, शनिवार
कादंबरी आहे!!
ती उपाशी बाई म्हणजे सगुणा. घाटावरून घरी गेली ती शिळ्या भाकरीवरून जावेशी भांडायलाच लागली. माहात्म्यात कुठली आलीय जाऊ. देवापुढे नारळ ठेवून मी कादंबरी लावली. म्हटलं, "बायांनो, चुकलं माझं. ही पोथी नाही. बंद करते."
सोनूबाय पहिल्या रांगेत असतात. जुन्या गावातल्या, जन्म मिठागरात गेला, अक्षर येत नाही. म्हणाल्या, "पोथी न्हाय त न्हाय. संकल्प सोडलाय ना? अर्धी टाकलीस त दोष कोनाला गो, तुला का आमाला?"
आमच्या मजल्यावरच्या मीनाबेन मागून, "भाभी, वो सब छोडो. भाकरी किसको मिली?"
वाचलं. भाकरी जावेलाच मिळाली.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.
आज चिरणं-कापणं नाही म्हणून बायका लवकर आल्या. तेवीस जणी. पाटकरांच्या कानावर गेलंच. "देवळात कादंबरी, वहिनी?" म्हटलं, संकल्प झालाय. त्यांचा चेहराच पडला. स्वतः एवढे सोवळ्यातले, मोडा म्हणू शकत नाहीत. शेवटी म्हणाले, "मग उरका लवकर. आणि जरा चाळण लावून वाचा."

४ ऑगस्ट, सोमवार
घरी पुढचं वाचून ठेवलं. वाचायला नको होतं.
सगुणेच्या पोराला ताप येतो. ती सोमवार धरते, पाणीसुद्धा घेत नाही. पोर जातं. मग ती देव्हाऱ्यातले देव पदरात घेऊन विहिरीवर जाते आणि एकेक करून पाण्यात सोडते. सोडताना देवाला बोलते. जे बोलते ते मी इथे उतरवणार नाही. चार पानं आहेत.
उपास. वरीचा भात तसाच झाकून ठेवला.
माझी पहिली तीन महिन्यांची होऊन गेली. त्यानंतरच्या सोमवारी मी उपास धरला होता. तुला राग आला का, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार
ह्यांना नुसतं एवढंच सांगितलं की मधे चार पानं वाईट आहेत. "गाळ. कोणाला कळणारे?"
मला कळणारे ना. आणि ज्याच्यासमोर बसून वाचते त्याला. पण वाचायची तरी कशी, त्याच्याच तोंडावर? रोज दहा-बारा पानं होतात. सोमवारी ती जागा येणार. आज वाचताना मुद्दाम सावकाश वाचलं. दूध उतू गेलं, दोनदा. यादीचं काम तसंच पडलंय.

११ ऑगस्ट, सोमवार
गाळली.
ती पदर खोचून विहिरीकडे निघते, तिथून एकदम तिच्या भावाच्या पत्रावर आले. आवाज हललासुद्धा नाही माझा. आरती करून घरी आले. भाजीत मीठच नव्हतं, ह्यांनी मुकाट्याने खाल्ली.

१२ ऑगस्ट, मंगळवार
सोनूबायनी फाटकात हात धरला. "काल ती हिरीवर चाललेली. मंग घरान कशी पोचली? मधला तू खाल्लास."
"पानं फाटलीत, सोनूबाय."
"फाटली पुस्तकाची. तुजं तोंड कशाला उतरलंय?"
श्रावणात, देवळाच्या फाटकात उभं राहून खोटं बोलले. तेही जिला वाचता येत नाही तिच्याशी. आज वाचन झालं पण मन नव्हतं. बायकांनाही कळलं असावं, कोणी मधे बोललं नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार
अंग दुखतंय सांगून वाचनाला गेले नाही. दार लावून स्वयंपाकघरात ती चार पानं मोठ्याने वाचून पाहिली. दुसऱ्या पानावर अडकले. परत पहिल्यापासून. परत तिथेच. म्हणजे भीती फक्त देवाची नाहीये...

१४ ऑगस्ट, गुरुवार
वाचली.
सभागृह भरलेलं. पाटकर दाराशी खुर्ची टाकून बसलेले. मी आधीच सांगितलं, "सोमवारी मी चार पानं गाळली. फाटलेली नव्हती. ती आज वाचते." गाभाऱ्याकडे पाठ करून बसायचा विचार होता. नाही केली. समोर बघूनच वाचलं. दुसऱ्या पानावर थांबले, पाणी प्यायले, पुढे गेले.
संपलं. एक जण कान झाकून उठून गेली. बाकीच्या खाली बघत होत्या. मग सोनूबाय, हळूच, "मीबी टाकलेलं. खाडीन. सासूला सांगलं, चोरानं नेलं."
मीनाबेन म्हणाल्या, "फिर? नये लाए?"
"आनलं त. देवाबिगर घर हाय का?"
कोणीतरी हसलं. कोणीतरी रडलं. मला वाटतं एकच बाई होती ती.
पाटकरांनी पुस्तक मागितलं नाही, कपाटाची किल्ली मागितली. "उरलेलं देवळात नको, वहिनी." अकरा पानं उरलीत. फाटकापर्यंत आले सोबत. मग खालच्या आवाजात, "पण अर्धवट राहिलं तर... तो दोष कमिटीवर येतो का हो?"
म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
मीनाबेन म्हणतात आमच्याकडे वाचा. सोनूबाय म्हणतात जिथे संकल्प तिथेच, पायरीवर बसू पण तिथेच. मी कोणालाच हो म्हटलेलं नाही. शेवटची अकरा पानं अजून उघडलेली नाहीत. ती परत देवाकडे वळते की नाही, ते आधी कळायला नको आहे.
सकाळी पूजेला बसले. स्तोत्र झालं, नैवेद्य झाला, तरी उठवेना. सगुणेसारखं बोलायला मला या जन्मी जमणार नाही. "तीन महिन्यांची होती," एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य काही केल्या येईना. पाय मुंग्यांनी भरले तरी बसून राहिले. हे देव्हाऱ्याशी आले, हात जोडले, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "झालं का?"
म्हटलं, "नाही अजून."