तांब्यातलं उरलेलं पाणी

माय, तुझा पितळी तांब्या अजून वावरातल्या झोपडीत खुंटीला आहे. भाद्रपदात एका दुपारी भाकर खाल्ल्यावर त्यातलं उरलेलं पाणी मी तुझ्यासारखं जमिनीवर ओतलं. तू भाकरीच्या फडक्याची गाठ मारेपर्यंत पाणी मुरलेलं असायचं. मग जमीन पाणी पिते म्हणून तू सांगायचीस, "पीस, जमीन पीस." मी फडकं झटकलं, घडी केली, गाठ मारली, चपला घातल्या. पाणी तिथेच होतं. एक मुंगळा त्याला वळसा घालून गेला.

बाप गेल्यावर वावर तू एकटीने सांभाळलंस. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी बांधावरून उतरायचीस, मूठभर माती दाबून गोळा करायचीस आणि खाली टाकायचीस. गोळा फुटला तर बैल जुंपायचे. नाही फुटला तर घरी. शेजारी तुला हसत. त्यांची तिफण चालू झालेली असे आणि आपले बैल दावणीला रवंथ करत असत. अक्का नवरा गेल्यावर माहेरी आली तेव्हा खालचा तुकडा आणि विहीर तू तिच्या नावावर केलीस. वरचं वावर मला ठेवलंस. तलाठ्याकडून परत येताना रस्त्यात थांबून म्हणालीस, "तुन्हा वावरनं पानीच तिन्हा इहिरमा उतरस. ध्यानमा ठेव." मी हो म्हणालो. मला वाटलं, बहीणभावात भांडण नको म्हणून सांगते आहेस.

मग मी भुसावळला नोकरीला लागलो. बैल विकले, ते मीच विकले. शेतीसाठी माझ्याकडे रविवार होता. सकाळच्या गाडीने अमळनेरला उतरायचं, रिक्षाने गावात यायचं, ट्रॅक्टरवाला आधीच सांगून ठेवलेला. संध्याकाळच्या आत काम उरकून परत. शनिवारी पाऊस झाला असला तरी रविवार तोच असायचा.

तो दिवस मी विसरलेलो नाही. मोठा ट्रॅक्टर बांधाशी उभा आहे, मागे माती घुसळणारा रोटाव्हेटर. तू पायात काही न घालता त्याच्या पुढ्यात उभी आहेस. तुझ्या हातात मातीचा गोळा आहे, तो फुटलेला नाही.

"आज नको, भाऊ. वावर वलं शे."

"माय, माले आजच सुट्टी शे."

"जमीनले रईवार समजस का?"

चालक वर बसून हसला. "आज्जी, बैलना जमाना ग्या आते. तुम्हीन बांधवर बठा."

"बैल पाय उचलीसन चालतस. हाई तुन्हं यंतर उचलस का पाय?"

रस्त्याने जाणारे दोघे-तिघे थांबले होते. मला लाज वाटली. मी म्हणालो, "माय, तू घर जाय. लोके हसतस." तू माझ्याकडे पाहिलंस. गोळा खाली टाकला नाहीस. तो हातात तसाच घेऊन घरी गेलीस. ट्रॅक्टर आत गेला, चाकांमागे मातीच्या चकचकीत पट्ट्या उठल्या, आणि मला काम चांगलं झाल्यासारखं वाटलं. त्यानंतर तू कधी अडवलं नाहीस. पुढची सगळी वर्षं, तू असताना आणि नसताना, मी ओल्यातच यंत्र घालत राहिलो.

तांब्याचं पाणी मुरलं नाही त्या दुपारी मी कुदळ घेतली. वरची वीतभर माती लोण्यासारखी मऊ होती. त्याखाली कुदळीचा आवाज बदलला. ओट्यासारखा एक थर होता, वर्षानुवर्षं ओल्यात यंत्राखाली चेपलेला, भेगा नसलेला, गुळगुळीत. कपाशीचं एक झाड उपटलं. त्याचं सोटमूळ थरापर्यंत येऊन आडवं वळलं होतं. थर फोडला तर खालची माती कोरडी निघाली. आदल्या रात्रीच पाऊस झाला होता, माय, आणि हातभर खाली धूळ होती. तो पाऊस कुठे गेला हे पाहायला लांब जावं लागलं नाही. गाडरस्त्याला घळ पडली होती, तिच्यातून गढूळ पाणी नाल्याला लागलं होतं. अक्काची विहीर त्या वाटेत येत नाही.

चालकाला बोलावून दाखवलं. तो आता म्हातारा झाला आहे. खड्ड्यात वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, हाई फोडाले आखो मोठं यंतर लागी." तो थट्टा करत नव्हता. मी विचार करून सांगतो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.

अक्काकडे त्या विहिरीवर लिंबाची बाग आहे. तिला दुसरं काही नाही. दिवाळीत एरवी विहिरीच्या वरच्या चार-दोन पायऱ्याच उघड्या असतात. यंदा तळाचा खडक दिसतो आहे. ती दिवसाआड मोटर लावते आणि अर्ध्याच झाडांना पाणी देते. कोणत्या अर्ध्या, हे मी विचारलं नाही.

हे सगळं तुला लिहायला मला जड गेलं नाही. तुला वाचता येत नव्हतं. अक्का सातवी शिकली आहे, रोज पेपर वाचते, आणि तिचं घर या झोपडीपासून हाकेवर आहे. कागद तिच्या हातात द्यायला हवा. तो घडी करून तांब्यात ठेवणार आहे.

भाऊबीजेला तिने ओवाळलं आणि ताट खाली ठेवत विचारलं, "दिवाळीलेच तळ दिखना इहिरना. काय झायं रे, भाऊ?"

मी म्हणालो, "पाऊसच कमी पडना, अक्का."

याच पावसाळ्यात तिचं छत गळत होतं. आम्ही दोघांनी मिळून घरभर पातेली मांडली होती, आणि ती पुरली नव्हती.

अक्काने ताट उचललं. "हां," ती म्हणाली, "कमीच पडना." आणि माझ्यापुढे चहा ठेवला. मी तो प्यालो.