पिवळ्या डब्यात काय आहे, हे न विचारल्याबद्दल

अकोला, शनिवार

श्री. महादेवराव व्याहीबुवा यांना अकोल्याहून किशोरचा वाकून नमस्कार. (या वेळी नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकलो आहे, कारण तोंड वर करावं अशी परिस्थिती राहिलेली नाही.) इकडे आम्ही उभयता ठीक. कौशल्येच्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार आहे, फक्त त्या तेलाचा वास मला चढतो आहे. तुमची शुगर, शेतातली तूर आणि तिवस्याचं पाणी या तिन्हींबद्दल सविस्तर कळवावं. हिवरखेडला भाचीचं लग्न थाटात पार पडलं असेलच. आम्हाला येता आलं नाही याबद्दल माफी असावी. माफीचे विषय पुढे आणखी आहेत, तेव्हा ही किरकोळीत धरावी.

खिशात फोन असताना हा माणूस पत्र काय लिहितो, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण तुमचा फोन हेच आहे. तुम्ही तो कायम स्पीकरवर ठेवता, अंगणात ठेवता, आणि आपलं बोलणं विहीणबाई, गडीमाणसं आणि शेजारचे मास्तर असे सगळे मिळून ऐकतात. मागे मी माझ्या मूळव्याधीबद्दल तुम्हाला म्हणून सांगितलं, तर मास्तरांनी मधूनच सुरणाचा उपाय सुचवला. आजचा विषय त्याहून नाजूक आहे. तुम्ही सूनबाईसाठी, म्हणजे आमच्या आचलसाठी, माझ्याकडे दिलेला पिवळा डबा नेदरलँडला निघालेला नाही. तो मुंबईच्या बंदरात अडकला आहे, आणि तिथून तो तसाच शिवलेल्या कापडासकट तुमच्या दारात परत येण्याची पाळी आली आहे. याला दुसरं कोणी नाही, मी जबाबदार आहे.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाच्या बैठकीत तुमच्या काकांनी ‘मुलीचे वडील कुरिअरवाले का?’ असं विचारलं होतं, आणि मी ‘फ्रेट फॉरवर्डर, फ्रेट फॉरवर्डर’ म्हणत राहिलो होतो. म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी जहाजावर चढेपर्यंत त्याची सगळी उस्तवार करायची. आता युरोपने आयातीच्या सुरक्षेचा नवा नियम काढला आहे. माल जहाजावर चढायच्या आधीच तिकडच्या कस्टमला सगळं कळवायचं: खोक्यात नेमकं काय आहे, त्या वस्तूचा सहा आकडी नंबर कोणता, पाठवणारा खरा कोण, घेणारा खरा कोण. एका कंटेनरमध्ये दहा जणांची खोकी असली तर दहाही जणांची माहिती वेगवेगळी द्यायची. आणि गोलमाल शब्द चालत नाहीत. ‘भेटवस्तू’, ‘सुटे भाग’, ‘किरकोळ माल’ असं काही दिसलं की तिकडून लाल शेरा येतो, आणि एकाच्या खोक्यापायी बाकीच्यांचाही माल धक्क्यावर उभा राहतो. आपल्या वऱ्हाडात हा नियम पाळणं किती अवघड आहे ते मी तुम्हाला काय सांगावं. आपल्याला साऱ्या सृष्टीसाठी ‘सामान’ हा एक शब्द पुरतो. लग्नाचं सामान, ट्रॅक्टरचं सामान, दवाखान्यात न्यायचं सामान. ते उघडल्यावर कळतं की आत काय आहे, आणि तोवर कोणाचं काही अडत नाही.

तर हे नियम समजावून द्यायला इकडच्या एजंट लोकांच्या संघटनेने गुरुवारी अमरावतीत एक दिवसाचं शिबिर ठेवलं, आणि वक्ता म्हणून मला बोलावलं. (मीच ग्रुपवर ‘कोणाला काही शंका असल्यास विचारा’ असं रोज लिहीत होतो. शेवटी कंटाळून त्यांनी बोलावलं असावं.) कौशल्येने शर्टाला दोनदा इस्त्री केली. सभागृह एका कोचिंग क्लासला लागून होतं आणि मधली भिंत लाकडी फळ्यांची. पलीकडे कुठल्याशा परीक्षेत पास झालेल्या मुलांचा सत्कार चालला होता, त्यामुळे माझ्या वाक्यावाक्याला टाळ्या पडत होत्या. त्या माझ्या नाहीत हे मला कळत होतं, पण माणसाची छाती फुगायची ती फुगतेच. त्या भरात मी म्हणालो की ज्याला आपण पाठवतो आहोत त्या वस्तूचं नाव सांगता येत नाही, त्याने हा धंदा सोडून रसवंती काढावी.

तेव्हा आमच्या अकोल्याचे गुलाम नबी उभे राहिले. तुम्ही त्यांना पाहिलं आहे, आचलच्या लग्नात मांडवाचं सगळं त्यांच्याच ट्रकने आलं होतं. वयाने माझ्यापेक्षा मोठे, या धंद्यात माझ्या आधीपासून. त्यांनी साधेपणाने विचारलं की नुसतं ‘सामान’ लिहिलं तर चालतं का. मी हसलो, व्याहीबुवा. नुसता हसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं, पण मी सगळ्यांकडे पाहून हसलो, म्हणजे त्यांनीही हसावं म्हणून. ते हसले. गुलाम नबी खाली बसले, आणि मी प्रत्यक्ष उदाहरण दाखवतो म्हणून माझ्या ऑफिसने शेवटची पाठवलेली माहिती मोठ्या पडद्यावर उघडली.

पडद्यावर तुमचा डबा आला. पाठवणार: सौ. शकुन महादेवराव, तिवसा, खाली फोन नंबर. घेणार: आचल. (इथवर सगळं नियमाला धरून होतं.) आणि मालाच्या वर्णनात मी माझ्या हाताने लिहिलं होतं, ‘भेटवस्तू, घरगुती, वगैरे’. शेजारी लाल अक्षरात शेरा होता की माहिती अपुरी आहे, खुलासा येईपर्यंत कंटेनर चढवू नये. पलीकडे नेमक्या टाळ्या पडल्या. गुलाम नबी पुन्हा उठले, चष्मा पुसून त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, “सर, तुमी आमाले सामान नोका लिहू म्हनून राहिले. हे बी तं सामानच हाय नं.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. खरी शरम पुढेच आहे. त्यांच्या मुलाने हातमागाच्या चादरी पाठवल्या आहेत, पोराची पहिलीच परदेशी ऑर्डर, आणि त्या त्याच कंटेनरमध्ये आहेत. म्हणजे माझ्या एका ‘वगैरे’पायी त्याचा माल अडकला. हे कळल्यावर गुलाम नबी माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला चहा पाजला आणि विचारलं, डब्यात आहे तरी काय. मी म्हणालो, मला माहीत नाही. त्यांनी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

आता मला का माहीत नाही, ते तुम्हाला सांगायला हवं का? तुम्ही मुलाकडचे. विहीणबाईंनी पोटुशी असलेल्या सुनेसाठी स्वतःच्या हाताने डबा भरला, त्यावर पांढरं कापड शिवलं, आणि माझ्या हातात देताना म्हणाल्या, आचलले द्या, उघडू नोका. अशा डब्याबद्दल मुलीच्या बापाने ‘आत काय आहे’ विचारायचं? रुखवताच्या ताटावरचा रुमाल उचलून मोजदाद करण्यासारखंच झालं ते. शुभमरावांना विचारावं, तर जावयाला त्याच्या आईच्या डब्याचा हिशेब विचारल्यासारखं होतं. शिवाय आत तूप किंवा तुपाचं काही असेल तर तिकडे ते चालतच नाही, आणि मग तुमचं तूप चालत नाही हे विहीणबाईंना सांगणार कोण? मी ‘वगैरे’ लिहिलं आणि सुटलो असं समजलो.

त्याच दुपारी अमरावतीहून नागपूरची गाडी धरून मी तिवस्याला उतरलो. तुम्ही हिवरखेडला होता. मी ‘सहज आलो’ म्हणालो, हे विहीणबाईंनी तुम्हाला सांगितलं असेल. मी सहज आलो नव्हतो. विचारायला आलो होतो. पण विचारायला तोंड उघडलं की पानात पातोडीची भाजी पडायची. एकदा हिंमत करून ‘इहीणबाई, तो डबा’ इथवर आलो, तर त्यांनीच विचारलं, डबा पोचला का जी? मी म्हणालो, पोचून राहिला. (‘पोचला’ म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं. ‘पोचून राहिला’ला युरोपही हरकत घेणार नाही.) त्यांचा चेहरा इतका खुलला की पुढचं विचारायचं राहूनच गेलं. मग मी कापसाच्या भावाची चौकशी केली, तुमच्या म्हशीची केली, मास्तरांच्या मोतीबिंदूचीही केली. निघताना त्यांनी एक पिशवी हातात दिली. ती मी बसमध्ये न विचारता उघडून पाहिली. आत संत्री होती. जिथे विचारायचं तिथे विचारता येत नाही आणि जिथे गरज नाही तिथे डोकावून पाहतो, असा मी झालो आहे.

मुंबईचा एजंट सांगतो की बुधवारपर्यंत डब्यातल्या मालाचं नाव कळवा, नाहीतर डबा कंटेनरमधून उतरवून पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत धाडू. सातव्या महिन्यातल्या सुनेला धाडलेला डबा शिवणही न उसवता विहीणबाईंच्या पुढ्यात येणार, आणि तो कोणापायी आला हे सगळ्या तिवस्याला कळणार. मी अंगाने इतका मोठा माणूस, पण गेले दोन दिवस ऑफिसच्या मागच्या दाराने जातो-येतो.

असो. काही मागावं म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. मन हलकं व्हावं एवढाच हेतू. घरात वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मास्तरांना सुरणाबद्दल धन्यवाद.

आपला शरमिंदा व्याही,
किशोर

ता. क. मागायचं नाही म्हटलं, तरी तुमचं तुम्हालाच वाटलं तर एवढं करावं. विहीणबाईंच्या तोंडून, माझं नाव न येता, डब्यात काय आहे ते काढून घ्यावं. ‘खाण्याचं’ किंवा ‘कपड्यांचं’ एवढं पुरत नाही. कशाचं, किती आणि कशापासून केलेलं, हे सगळं हवं. ‘वगैरे’ मुळीच नको.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात विहीणबाईंचा कौशल्येला फोन आला. वरच्या विनंतीची आता गरज नाही. माझ्या त्या पडद्यावरून गुलाम नबींनी पाठवणाऱ्याचा नंबर टिपून घेतला होता. (खरा पाठवणारा लिहावा, हे मीच शिकवलं होतं.) आज सकाळी त्यांनी सरळ तिवस्याला फोन लावला आणि विचारलं, “भाभी, डब्ब्यात काय हाय?” विहीणबाईंनी एका दमात सांगितलं: दुपटी, झबली, टोपडी आणि लंगोट, सगळं त्यांच्या जुन्या सुती लुगड्यांचं, कारण बाळाच्या अंगाला नवं कापड टोचतं. पाकीट तसंच ठेवून मी सहा आकडी नंबर शोधले आणि कळवले. ‘लंगोट वापरलेले आहेत का’ असा एक प्रश्न तिकडून आला, त्यावर ‘कापड वापरलेलं, लंगोट नवे’ असं मी कळवलं, आणि त्यांनी ते मान्य केलं. डबा आणि चादरी पुढच्या जहाजाने जातील. वरचं पत्र फाडणार होतो, पण कळवलेली माहिती फाडता येत नाही, दुरुस्ती जोडता येते, असा नियम आहे. म्हणून तसंच पाठवतो.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठी आहे. फोन ठेवताना विहीणबाई कौशल्येला जे म्हणाल्या ते तिने मला शब्दाला शब्द ऐकवलं. “इवाई माया घरी आले, माया हातचं जेवले, अन् येवढं विचाराले त्यायले लाज वाटली. गुलाम नबीभाऊले नाई वाटली. म्या उघडू नोका म्हनलं होतं, विचारू नोका कवा म्हनलं? मी काय परकी हाव का?” त्यांचं खरं आहे, व्याहीबुवा. मी त्यांचा मान राखतो आहे असं समजत होतो, आणि त्यांना मी दाराबाहेर उभं केलं होतं. तेव्हा पुढच्या रविवारी मी येतो आहे. जेवणाचं काही करू नका. (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.) विहीणबाईंना घरी थांबवा, आणि कृपा करून तुम्ही मध्ये पडून माझ्यासाठी काही बोलू नका. डब्यात काय आहे ते आता मला माहीत आहे, युरोपला माहीत आहे, आणि तुमचा फोन स्पीकरवर असल्यामुळे मास्तरांनाही माहीत असेल. तरी मी दारातूनच त्यांना विचारणार आहे.