जळकोटला न पोचलेल्या मेहुण्याचा खुलासा

आदरणीय दाजी शरणप्पा यांस,

लातूरहून धाकटा मेहुणा अमरेश याचा शरणु शरणार्थी. आपली गुडघेदुखी, लोह्यातलं दुकान आणि उज्ज्वलाअक्काचा राग हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे मी ठीक आहे, म्हणजे जिवंत आहे. तुम्ही माझा फोन उचलत नाही (उचलू नये असंच मी वागलो, मान्य), म्हणून कागद हाती घेतला.

गुरुवारी जळकोटला सुकन्याला बघण्याचा कार्यक्रम तुम्ही ठरवलात, इस्त्रीचे कपडे घालून स्वतः पुढे जाऊन बसलात, आणि ज्याच्यासाठी पोहे केले तो मुलगाच आला नाही. चारचौघांत तुमची मान खाली गेली. आता स्थळ मोडतं की काय, या धास्तीने मला अन्न गोड लागत नाही. फोटो बघितल्यापासून मुलगी माझ्या मनात भरली आहे, हे आजवर लाजेखातर बोललो नव्हतो. तेव्हा पत्र फाडण्याआधी एवढं वाचा.

आमच्या बियाणे कंपनीत कुठल्या तालुक्यात कोणतं बियाणं किती शिल्लक आहे, याचा डेटाबेस मी एकट्याने माझ्या डेस्कटॉपवर तयार केला. (कौतुक कोणी केलं नाही, म्हणून इथे लिहितो.) मग सगळं ऑफिस मला बसल्या जागेवरून हाका मारायला लागलं, "अमरेश, औशाला सोयाबीन हाय का न्हाई?" उत्तरं ओरडून माझा घसा बसला, तेव्हा शंकरप्पा साहेबांनी हुकूम सोडला की हे इंट्रानेटवर टाक, म्हणजे ऑफिसातल्या ऑफिसात प्रत्येकाला आपापल्या टेबलावर दिसेल. मी टाकलं. साहेबांनी माझ्या कॉम्प्युटरला विभूती लावली, नारळ फोडला (पाणी कीबोर्डात गेलं, तेव्हापासून एक बटण चिकटतं) आणि सगळ्यांना बजावलं की पूजा झालेल्या वस्तूत आता कोणी फेरफार करायचा नाही.

तर त्या डेटाबेसची एक खोड आहे. शिल्लक मालाचं पान एकाने उघडलं, की बाकीच्यांना ते नुसतं दिसतं. माल आपल्या दुकानदाराच्या नावावर टाकता येत नाही. पहिल्याने बंद केलं की दुसऱ्याची पाळी. हे मी सर्वांना नीट समजावून सांगितलं आणि तिथेच चुकलो. आपली माणसं एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी! दुसऱ्याच दिवशी उमाबाईंनी आल्या आल्या पान उघडलं, कीबोर्डवर पर्स ठेवली आणि चहाला निघून गेल्या. पुढच्या दिवशी मलप्पा त्यांच्या आधी हजर; त्याने पान उघडून वर जेवणाचा डबा ठेवला. मग उमाबाई त्याच्याही आधी. आठवड्याभरात गत अशी झाली, की कुलूप उघडायच्या आत सगळं ऑफिस दारात उभं. एकदा आत शिरलं की एकजण पान धरून बसतो आणि बाकीचे दिवसभर त्याच्याशी भांडतात. बियाणं जिथल्या तिथे.

साहेबांना फक्त गर्दी दिसली. "इतक्या वर्षांत मानसं टायमावर आली न्हाईत, तुझ्या मशीनमुळं यायला लागली!" असं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली आणि त्याच हाताने माझी गुरुवारची सुट्टी रद्द केली. कारण डेटाबेस राहतो माझ्या कॉम्प्युटरात; तो बंद तर सगळं बंद. शिवाय थोडा वेळ माऊस हलला नाही की तो झोपी जातो. ती झोप घालवायची सोय त्यात आहे, मिनिटभराचं काम, पण तो फेरफार झाला ना! दुसऱ्या कोणाचा हात लागलेलाही साहेबांना खपत नाही. तुम्ही जळकोटला पोह्यांसमोर बसला होता तेव्हा मी इथे माऊस हलवत होतो. दाजी, खरंच रडू आलं.

मुलीकडच्यांची माझ्या वतीने माफी मागा. अक्काला नमस्कार.

आपला,
अमरेश

ता.क. पाकीट चिकटवणार तोच मुलीचे वडील रामलिंगप्पा मला चार शब्द सुनावायला पहिल्या एसटीने थेट ऑफिसात हजर. दारातली गर्दी त्यांनी बघितली. मी लघवीला उठलो तर साहेब काळजीने मागे धावले, तेही बघितलं. म्हणाले, "ज्याच्याबिगर हापिस हालत न्हाई असा जावई कुठं मिळंल?" सुकन्याने तर फोटोवरूनच होकार दिलाय म्हणे. लग्न ठरलं! मी लई खूश आहे.

आणखी एक ता.क. साहेब लग्नालाही सुट्टी देईनात. घरचा माणूस खुर्चीवर बसवून जा, एवढी एकच सवलत दिली. मी फार विचार केला. मामा मांडवात हवेत, आप्पा हवेत, अक्काशिवाय तर पान हलणार नाही. तुम्ही मात्र आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात हळदीलाच रुसता आणि अक्षता पडेपर्यंत मांडवाबाहेर जाऊन बसता. या वेळी तेवढे लातूरला येऊन बसा. पंखा आहे. माऊस अधूनमधून हलवायचा, बाकी रुसायला पूर्ण मोकळीक. समजूत काढायला मधूनमधून उमाबाई येतील, त्यांना सांगून ठेवलं आहे. आहेर कुरिअरने पाठवतो.