ओहोटीला येणारा वळू

ऑर्कनी, १४ मे

प्रिय सिगर्ड,

तू बरा असशीलच. तू नेहमीच बरा असतोस, आणि तेच माझं जुनं दुखणं आहे. इकडे वारा काही पडत नाही, पण गवत चढलंय. आमच्या थोराचा गुडघाही आता कुरकुरत नाही. बांधापलीकडच्या माणसाला टपालानं पत्र कशाला, असं म्हणशील. समोर आलास तर मी हवापाण्याचं बोलून परत फिरेन, म्हणून.

माझी काळी कालवड तू पाहिलीसच. दुकानात गेलं की लोक म्हणायचे, ‘एरलेंड, तुझ्या वळूनं नाव काढलं हं.’ मी फुगून घरी यायचो. तुला शेत बापाकडून मिळालं, तांबडा वळू मामाकडून आणि शीळ देवाकडून. मी लोकांच्या गोठ्यातलं शेण काढत इथवर आलो. पण हा काळा वळू माझ्या नजरेनं निवडलेला. एवढ्या एका बाबतीत मी तुझ्यापुढे होतो.

आता त्याच्याच लेकी गाभण राहायच्या वयाच्या झाल्या, म्हणून त्याला विकायला काढला. गिऱ्हाईक म्हणालं, आधी तपासून घ्या. मंगळवारी डॉक्टर हार्कसबाई आल्या. त्यांनी अंडांभोवती फीत लावली, आणि मग पुन्हा लावली. वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून म्हणाल्या, ‘या, तुम्हीच बघा.’

बघितलं. काही हलत नव्हतं.

‘थंडीनं असेल,’ मी म्हणालो.

‘थंडीवर ढकलू नका. याची वाढच झालेली नाही, जन्मापासून. याच्यापासून एकही वासरू झालं नसणार.’

‘अहो, गोठा भरलाय वासरांनी.’

‘मग बाप दुसरा शोधा.’

थोरा फाटकाला टेकून उभी होती. म्हणाली, ‘शोधायचा कशाला? सिगर्डचा तांबडा येतोच की ओहोटीला, समुद्रात उतरलेल्या बांधाच्या टोकाला वळसा घालून.’

‘तो किनाऱ्यावरचं शेवाळ खायला येतो.’

‘हो ना. आणि पोट भरल्यावर?’

बाईंना काचपट्टी खाली ठेवून हसावं लागलं.

माझ्या गायी काळ्या, म्हणून वासरंही काळीच निघाली. काहींच्या पोटाखाली तुझ्या तांबड्यासारखं पांढरं दिसायचं. मी म्हणायचो, दूध सांडलंय. आता गोठ्यात शिरलो की प्रत्येक कपाळावर तुझा तांबडा दिसतो. माझं गवत, माझी मेहनत, आणि रुबाब त्याचा!

ऑगस्टच्या प्रदर्शनात कालवड न्यायची आहे. तिथे बापाचं नाव सांगावं लागतं. माझ्या काळ्याचं सांगितलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. बाई बोलणाऱ्यातल्या नाहीत, आणि थोरा मला फक्त घरात टोचते. दोन दिवस मी तेच करणार होतो. पण सिगर्ड, उसन्या नावावर मी आयुष्यात काही मिळवलेलं नाही, आणि तुझ्या वळूसाठी ही सवय मोडायची नाही. काल नोंदवून आलो: बाप, सिगर्ड लिंकलेटरांचा तांबडा.

या उन्हाळ्यात त्याला फाटकातून पाठव. चोरून येण्यापेक्षा मागून आणलेला बरा.

प्रदर्शनात दोर माझ्या हातात असेल आणि कर्ण्यावर नाव तुझं. लोक तुझ्या पाठीवर थापा मारतील. खुशाल घे. तेवढा वेळ फक्त माझ्याकडे बघू नकोस.

तुझ्यावर अजून जळणारा, पण खरं नाव लिहून आलेला,
एरलेंड फाऊबिस्टर